केनिया टी डेव्हलपमेंट एजन्सी (केटीडीए)

केनियातील लहान चहा-उत्पादकांच्या हिरव्या पाल्याचे संकलन, त्यावरील प्रक्रिया, विक्री व निर्यात यांचे व्यवस्थापन करणारी, शेतकऱ्यांच्या मालकीची कंपनी. मुख्यालय नैरोबी. तिच्याशी सहा लाखांहून अधिक शेतकरी जोडलेले असून देशातील निम्म्याहून अधिक चहा त्यांच्या शेतांत पिकतो. बहुतेकांचे चहाखालील क्षेत्र एकरभर किंवा त्याहूनही कमी असते.

इतिहास : केनियात चहाची पहिली लागवड १९०३ मध्ये लिमुरू येथे झाली. वसाहतकाळात हे पीक युरोपीय मळेवाल्यांच्या हाती राहिले. आफ्रिकी शेतकऱ्यांना ते जवळजवळ वर्ज्यच होते. १९५४ च्या स्विनर्टन योजनेने त्यांना नगदी पिके घेण्याची मुभा दिली. १९६० मध्ये विशेष पिकांसाठी विकास प्राधिकरण नेमण्यात आले. स्वातंत्र्यानंतर, १९६४ मध्ये, केवळ चहासाठी सरकारी प्राधिकरण स्थापन झाले. जागतिक बँक व ब्रिटनचे राष्ट्रकुल विकास महामंडळ यांच्या कर्जांतून कारखाने व पाला वाहून नेण्याचे रस्ते उभे राहिले. २००० मध्ये या प्राधिकरणाचे खाजगी कंपनीत रूपांतर झाले.

रचना व कार्यपद्धती : शेतकरी आपल्या भागातील कारखाना-कंपनीचे भागधारक असतात आणि या कंपन्या केटीडीएच्या मालक असतात. दोन पाने व एक कळी अशी खुडणी करून पाला गावाजवळच्या संकलन केंद्रावर वजन करून दिला जातो. खुडलेला पाला लवकर खराब होत असल्याने तो त्याच दिवशी कारखान्यात पोचवावा लागतो. तेथे तो कोमेजवून प्रामुख्याने सीटीसी (चिरडणे, फाडणे, वळवणे) पद्धतीने दाणेदार केला जातो. पाल्याचे पैसे दरमहा ठरावीक दराने मिळतात व वर्षअखेरीस विक्रीच्या उत्पन्नातून खर्च वजा जाता उरलेली रक्कम ‘बोनस’ म्हणून वाटली जाते. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांच्या ऊसबिलाशी या पद्धतीचे साम्य आहे. खते एकत्रितपणे खरेदी करून उधारीवर पुरवली जातात.

शाश्वतता : उंचावरील थंड हवेमुळे येथील चहाला कीडनाशके फारच कमी लागतात. खरा ताण जळणाचा असतो, कारण पाला वाळवण्यासाठी बाष्पकांत लाकूड जाळावे लागते. त्यासाठी कारखाने निलगिरीची स्वतःची वने राखतात. काही कारखान्यांनी लघु जलविद्युत केंद्रे उभारली असून मेरू भागातील इमेंटी हे त्यांपैकी एक होय. शेतकऱ्यांसाठी शेतशाळा चालवल्या जातात व रेनफॉरेस्ट अलायन्सचे प्रमाणपत्र घेतले जाते.

निर्यात व समस्या : बहुतेक चहा मोंबासा येथील साप्ताहिक लिलावात डॉलरमध्ये विकला जातो. पाकिस्तान, ईजिप्त व ब्रिटन हे प्रमुख ग्राहक आहेत. महाखचदरीच्या पूर्वेकडील कारखान्यांना पश्चिमेकडील कारखान्यांपेक्षा सामान्यतः चांगला भाव मिळतो. त्यामुळे बोनसमध्ये मोठी तफावत पडते व असंतोष होतो. कारभारावरील तक्रारींनंतर २०२० च्या चहा कायद्याने व्यवस्थापन शुल्कावर मर्यादा घातली. २०२१ मध्ये लिलावासाठी किलोला २.४३ डॉलर असा किमान भाव ठरवण्यात आला. परंतु न विकलेला साठा वाढल्याने तो पुढे मागे घ्यावा लागला. निर्यातीचा बहुतांश चहा सुटाच जातो व मिश्रण, पुडीबंदी आणि नाममुद्रा यांचा नफा परदेशी कंपन्यांकडे राहतो. शेतापासून कारखान्यापर्यंतची मालकी शेतकऱ्यांची असली, तरी भाव ठरवणे अद्याप त्यांच्या हाती आलेले नाही.