डावाचा निवाडा

खेळापूर्वी तिघे मुलगे ‘चकतात’. तळवे एकदम पडतात. दोघांचे पालथे व एकाचा उताणा पडला, की तो एकटा सुटतो. संकेश्वरी शाळेच्या पटांगणात हा निवाडा आम्ही पाहत आलो आहोत. पोरे कुरकुरतात, पण मानतात.

कथावाङ्मयातील डाव मात्र क्वचितच वाद मिटवतात. सभापर्वात पण दुर्योधनाचा, फासे शकुनीच्या हाती. ही विषमता युधिष्ठिराने बोलून दाखविली आणि तरीही तो बसला! स्वतःस हरलेल्याला पत्नी पणास लावता येते काय, या द्रौपदीच्या प्रश्नाचा निर्णय भीष्मांनाही देता आला नाही. अनुद्यूतात ठरलेला 12 वर्षांचा वनवास व 1 वर्षाचा अज्ञातवास भोगूनही राज्य परत मिळाले नाही. भागवताच्या दशम स्कंधात तर बलराम जिंकल्याची आकाशवाणी होते. रुक्मी तीही हसण्यावारी नेतो व प्राणास मुकतो.

मराठेशाहीतील न्यायसभा याबाबतीत अधिक सावध होत्या. वतनाच्या तंट्यात निवाडा मान्य करण्याचा ‘राजीनामा’ (आजच्या अर्थाचा नव्हे) उभय पक्षांकडून आधीच लिहून घेत. मग प्रसंगी रवादिव्य होई. आणि हरणारा स्वतः यजितपत्र लिहून देई.