कन्सोलवरील व्हिडिओ गेमचे संगणकावरील आगमन : एक ऐतिहासिक आढावा (१९९० ते २०२४)

प्रस्तावना :

मोडी लिपीतील दफ्तर सुरक्षित असले तरी ती लिपी वाचणारा नसेल, तर अभ्यासकाच्या दृष्टीने ते मुकेच राहते. संगणकयुगात निर्माण झालेल्या साधनांच्या बाबतीत ही अडचण अधिक बिकट आहे, कारण ही साधने वाचण्यासाठी विशिष्ट यंत्र लागते. व्हिडिओ गेम हे याचे ठळक उदाहरण होय. निन्टेन्डो, सोनी यांसारख्या कंपन्यांनी दूरचित्रवाणी संचाला जोडावयाची खास यंत्रे, म्हणजेच कन्सोल, बाजारात आणली व अनेक गेम केवळ आपल्याच कन्सोलपुरते मर्यादित ठेवले. असा गेम दुसऱ्या यंत्रावर चालेल अशा रीतीने नव्याने सिद्ध करणे यास ‘पोर्ट’ करणे असे म्हणतात. असे गेम वैयक्तिक संगणकावर आणण्याच्या प्रयत्नांतील काही निर्णायक टप्पे तपासणे व त्यांचा जतनाच्या प्रश्नाशी असलेला संबंध स्पष्ट करणे, हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे.

१. तांत्रिक अडसर आणि व्यापारी नकार :

१९९० पर्यंत संगणकावर पडदा अखंडपणे सरकत राहील असा गेम तयार करणे कठीण मानले जात होते. अमेरिकेतील लुईझियाना राज्यातील सॉफ्टडिस्क या कंपनीत काम करणाऱ्या जॉन कारमॅक यांनी त्या वर्षी यावर उपाय शोधला. संपूर्ण चित्र पुन्हा न काढता केवळ बदललेले चौकोनी तुकडे तेवढे नव्याने काढावयाचे, हे त्यामागील तत्त्व होते. सहकारी टॉम हॉल यांच्या साहाय्याने त्यांनी निन्टेन्डोच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ या गेमचा पहिला टप्पा संगणकावर उभा केला. पुढे त्यांच्या गटाने अधिक विस्तृत नमुना तयार करून निन्टेन्डोकडे पाठविला. परंतु संगणकाच्या बाजारात उतरण्याची इच्छा नसल्याने कंपनीने नकार दिला. हेच तंत्र वापरून या गटाने डिसेंबर १९९० मध्ये ‘कमांडर कीन’ हा स्वतंत्र गेम प्रसिद्ध केला व १९९१ मध्ये इड सॉफ्टवेअर ही कंपनी स्थापन केली. तांत्रिक अडसर दूर झाल्यानंतरही व्यापारी कुंपण कायम राहते, हे या प्रसंगातून दिसून येते. नाकारलेल्या त्या नमुन्याची प्रत २०२१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर येथील स्ट्राँग संग्रहालयाच्या संग्रहात दाखल झाली, ही बाबही उल्लेखनीय आहे.

२. न्यायालयीन संघर्ष :

दुसरा मार्ग एम्युलेटरचा, म्हणजे कन्सोलच्या कार्याचे सॉफ्टवेअरद्वारे अनुकरण करण्याचा होता. यात गेममध्ये कोणताही बदल करावा लागत नाही. १९९९ मध्ये कनेक्टिक्स कंपनीने मॅकिन्टॉश संगणकावर सोनीच्या प्लेस्टेशनचे गेम चालविणारे ‘व्हर्च्युअल गेम स्टेशन’ विक्रीस आणले. सोनीने दावा दाखल केला. कनेक्टिक्सने अभ्यासासाठी प्लेस्टेशनच्या अंतर्गत प्रणालीची नक्कल केली होती, मात्र विक्रीस आणलेल्या उत्पादनात सोनीची मूळ प्रणाली नव्हती. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने हा न्याय्य वापर ठरविला. कॉपीराइटमुळे गेम चालविणाऱ्या यंत्रांच्या बाजारपेठेवर मक्तेदारी प्राप्त होत नाही, असा या निकालाचा आशय होता. तथापि २००१ मध्ये सोनीने ते उत्पादन विकत घेऊन बंद केले. विंडोजसाठी असेच सॉफ्टवेअर विकणारी ब्लीम ही कंपनीही सोनीशी झालेल्या न्यायालयीन लढ्यानंतर त्याच वर्षी बंद पडली. तत्त्व मान्य झाले, परंतु त्यासाठी लढणारी उत्पादने टिकली नाहीत.

३. अधिकृत पोर्ट आणि चाहत्यांचा सहभाग :

अधिकृत पोर्टचा दर्जा नेहमीच समाधानकारक नव्हता. ‘डार्क सोल्स’ हा २०११ चा गेम संगणकावर यावा यासाठी ९० हजारांहून अधिक जणांनी मागणीपत्रावर सह्या केल्या. ऑगस्ट २०१२ मध्ये तो आला, परंतु त्यातील चित्राची सुस्पष्टता कन्सोलच्याच मर्यादेत अडकलेली होती. पीटर थोमन या प्रोग्रॅमरने काही तासांतच ती मर्यादा दूर करणारी दुरुस्ती उपलब्ध करून दिली.

‘सायलेंट हिल २’ चे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. प्लेस्टेशन २ वर २००१ मध्ये आलेल्या या गेमची सुधारित आवृत्ती २०१२ मध्ये काढताना कोनामी कंपनीकडे अंतिम मूळ प्रोग्रॅम जतन केलेला नसल्याचे उघड झाले. अपूर्ण प्रतीवरून काम करावे लागले. याउलट पूर्वीच निघालेल्या संगणक आवृत्तीच्या आधारे चाहत्यांनी त्या गेमचे परिश्रमपूर्वक पुनरुज्जीवन केले. मालकाच्या दफ्तरी जे उरले नाही, ते वाचकांच्या हाती उरलेल्या प्रतीमुळे तरले. हस्तलिखितांच्या इतिहासात असे प्रकार अभ्यासकांना अपरिचित नाहीत.

ऑगस्ट २०२० मध्ये सोनीने ‘होरायझन झिरो डॉन’ हा आपला २०१७ चा गेम संगणकावर आणला, तर जानेवारी २०२२ मध्ये ‘गॉड ऑफ वॉर’ आणला. निन्टेन्डोची भूमिका मात्र वेगळी राहिली. १९९६ च्या ‘सुपर मारिओ ६४’ चा प्रोग्रॅम चाहत्यांनी यंत्रभाषेवरून उलट दिशेने पुन्हा लिहून काढला आणि २०२० मध्ये त्यापासून संगणक आवृत्ती तयार झाली, तेव्हा कंपनीने तिचा प्रसार रोखण्यासाठी पावले उचलली.

४. साधनचिकित्सेची आवश्यकता :

पोर्ट म्हणजे मूळ कृतीची हुबेहूब प्रत नव्हे. १९९७ च्या ‘फायनल फँटसी ७’ ची संगणक आवृत्ती १९९८ मध्ये आली, तेव्हा तिच्यातील संगीत संगणकाच्या ध्वनियंत्रणेनुसार वेगळे ऐकू येत असे. म्हणून ज्याप्रमाणे पोथीचे पाठभेद नोंदविले जातात, त्याप्रमाणे अशा आवृत्त्यांतील भेदही नोंदविणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष :

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ मधील पाहणीनुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम बाजारात उपलब्ध नव्हते. असे गेम संशोधकांना दूरस्थ पद्धतीने अभ्यासता यावेत, अशी सवलत ग्रंथालयांना देण्याची मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, कृती एकाच यंत्रावर व एकाच मालकावर अवलंबून असेल तर तिचे आयुष्य त्या दोहोंइतकेच राहते. संगणकावरील पोर्ट ही केवळ ग्राहकाची सोय नसून विसाव्या शतकाच्या लोकसंस्कृतीचे साधन एकापेक्षा अधिक ठिकाणी टिकविण्याचा मार्ग आहे. हा मार्ग केवळ विक्रेत्याच्या इच्छेवर सोडावयाचा की ग्रंथालयांनाही त्यात कायदेशीर स्थान द्यावयाचे, हा प्रश्न इतिहासाच्या अध्यापकांनीही आपला मानावयास हवा.