सोळाव्या वर्षीचा परवाना आणि दारातली स्कूटर

दहावीचा निकाल लागून अकरावीचा प्रवेश निश्चित झाला, की पुण्यातील असंख्य घरांत एक विषय हमखास निघतो. महाविद्यालय शहराच्या एका टोकाला, क्लास दुसऱ्या टोकाला, बस वेळेवर येईल याची शाश्वती नाही आणि आई-वडील दोघेही नोकरी करणारे. ‘सोळा पूर्ण झाली, आता लायसन मिळते,’ असे मुले सांगतात आणि ते खोटे नसते. मात्र या परवान्यावर नेमके कोणते वाहन चालवता येते, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. स्कूटरची किल्ली मुलांच्या हाती देण्यापूर्वी पालकांनी विचारायला हवा, तो हाच.

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवण्यासाठी किमान १८ वर्षे वय आवश्यक आहे. त्यातील कलम ४ मध्ये एक सवलत आहे. इंजिनाची क्षमता ५० सीसीपेक्षा अधिक नसलेली दुचाकी १६ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला चालवता येते. त्यासाठीचा शिकाऊ परवाना पालकांच्या लेखी संमतीशिवाय मिळत नाही.

ज्या काळात ही सवलत आली, त्या काळाशी ती सुसंगत होती. १९७२ मध्ये बाजारात आलेली कायनेटिकची लूना, पुढे आलेली टीव्हीएस ५० अशा हलक्या मोपेड तेव्हा रस्तोरस्ती दिसत. पायडल मारून सुरू होणारी आणि बंद पडल्यास सायकलसारखी रेटत घरी आणता येणारी ही वाहने होती. त्यानंतर गिअरलेस स्कूटर आल्या, त्यांची इंजिने वाढत गेली आणि २००१ मध्ये आलेल्या अ‍ॅक्टिव्हाने तर शंभर सीसीचा टप्पा कुटुंबाच्या अंगवळणी पाडला. आज दुकानात मांडलेल्या पेट्रोलवरील जवळपास सर्व गिअरलेस स्कूटर १०० ते १२५ सीसीच्या आहेत आणि त्यांचे वजन शंभर किलोंच्या आसपास असते. मोपेड म्हणून ओळखली जाणारी टीव्हीएस एक्सएल १०० हीदेखील नावाप्रमाणे शंभर सीसीच्या घरातली आहे. परवानगी कायद्यात राहिली आणि ज्या वाहनासाठी ती होती, ते बाजारातून गेले.

परिणामी, खिशात रीतसर परवाना असलेला सोळा वर्षांचा मुलगा आईची ११० सीसीची स्कूटर घेऊन निघाला, तर कायद्याच्या दृष्टीने तो विनापरवाना असतो. अनेक पालकांना हे ठाऊक नसते आणि ज्यांना ठाऊक असते, ते ‘फक्त क्लासपर्यंत’ अशी स्वतःची समजूत घालतात.

२०१९ मधील दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम १९९अ मुळे ही समजूत महागात पडू शकते. अल्पवयीन मुलाने मोटार वाहनाचा गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा त्यात आहे. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. वाहन पालकांच्या संमतीनेच नेले, असे न्यायालय गृहीत धरते. ते तसे नव्हते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकांवर असते. मुलाकडे परवाना असेल आणि तो त्याच प्रकारचे वाहन चालवत असेल, तर हे कलम लागू होत नाही. मात्र दारातली ११० सीसीची स्कूटर त्या प्रकारात बसत नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगर येथे १७ वर्षीय मुलाच्या मोटारीच्या धडकेत दुचाकीवरील दोघांचा मृत्यू झाला, तेव्हा मुलाच्या वडिलांविरुद्धही गुन्हा नोंदवण्यात आला होता.

विम्याची बाजू याहून कमी चर्चिली जाते. वैध परवाना नसलेल्या चालकाकडून अपघात झाल्यास विमा कंपनीने जखमीला भरपाई द्यावी आणि ती रक्कम वाहनमालकाकडून वसूल करावी, असा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ मधील स्वर्णसिंग खटल्याच्या निकालानंतर रूढ झाला आहे. स्कूटर आईच्या नावावर असेल, तर वसुलीही आईकडूनच. अशा भरपाईचे आकडे कुटुंबाची वर्षानुवर्षांची बचत संपवू शकतात.

यावर उपाय म्हणून काही पालक ई-बाईककडे वळतात. मोटारीची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तसेच वजनासह नियमांतील अन्य अटी पूर्ण होत असतील, तर त्या वाहनाला नोंदणी व परवाना लागत नाही. मात्र त्याला विम्याचेही बंधन नसते, त्यामुळे कोणाला इजा झाल्यास खर्च घरातूनच करावा लागतो. शिवाय वेगमर्यादा काढून टाकलेली ई-बाईक या सवलतीत बसत नाही. असे बदल केलेल्या वाहनांविरुद्ध महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०२२ मध्ये मोहीम उघडली होती. विक्रेत्याचे ‘काही होत नाही’ हे आश्वासन पोलीस चौकीत उपयोगी पडत नाही. खरेदीपूर्वी वाहनाचे मान्यता प्रमाणपत्र मागून पाहणे उत्तम.

कायदा बाजूला ठेवला, तरी धोका उरतोच. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जण मरण पावले. त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील होते. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५० हजारांहून अधिक होती. घरापासून क्लास दोनच किलोमीटरवर असला, तरी त्या दोन किलोमीटरांत चौक असतात, बस व डंपर असतात आणि परतताना मागे बसणारा मित्रही असतो. एकटा असताना सावध चालवणारा मुलगा ट्रिपल सीट असताना तसाच चालवेल, असे कोणी सांगू शकत नाही.

म्हणूनच ही दोन वर्षे बस, मेट्रो, सायकल आणि शेजारच्या पालकांशी आळीपाळीने सोडण्या-आणण्याची व्यवस्था यांवर काढणे गैरसोयीचे असले, तरी अशक्य नाही. क्लास निवडताना त्याच्या निकालाइतकेच त्याचे अंतर पाहिले, तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. जुनी ५० सीसीची मोपेड घरात चालू स्थितीत असेल, तर तिची नोंदणी व विमा वैध आहे का, हे आधी तपासावे. शिकाऊ परवान्याच्या काळात वाहनाला ‘एल’ची पाटी हवी आणि परवानाधारक शिकवणाऱ्याखेरीज अन्य कोणालाही मागे बसवता येत नाही. आयएसआय चिन्हाचे हेल्मेट चालवणारा व मागे बसणारा, दोघांनाही बंधनकारक आहे.

सोळाव्या वर्षी काढलेला ५० सीसीचा परवाना १८ पूर्ण होताच आपोआप मोठ्या स्कूटरसाठी लागू होत नाही. त्यासाठी नव्याने शिकाऊ परवाना घ्यावा लागतो. तो मिळाल्यापासून ३० दिवसांनी, परंतु सहा महिन्यांच्या मुदतीत, आरटीओची चाचणी देता येते.