मेणवलीचा एक दिवस

गेल्या हिवाळ्यात मुलाने आम्हा दोघांना पुण्याहून महाबळेश्वरला नेलं. वाटेत एक दिवस वाईला थांबायचं, ही अट माझी. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण मेणवली काही पाहिली नव्हती. आता हे सांगायलाही लाजच वाटते!

खंबाटकी घाट उतरून सुरूर फाट्याला वळलो आणि तासाभरात ढोल्या गणपतीसमोर हजर. रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं हे देऊळ अगदी कृष्णेच्या काठावर आहे. मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, म्हणजे पुराचं पाणी त्यावर दुभंगून बाजूने जातं. नातू म्हणाला, "आजी, बोटीच्या टोकासारखं!" मी पुस्तकातून शिकवताना मुलांना इतकं पटकन कधी समजावता आलं नव्हतं.

वाईत माझी एक जुनी विद्यार्थिनी राहते. तीही आता शिक्षिका आहे. तिच्या घरी चहा झाला आणि "बाई, मीच दाखवते तुम्हाला मेणवली," म्हणत ती आमच्या गाडीत बसली. जेमतेम तीन किलोमीटरचा तर रस्ता.

औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १७६८ साली हे गाव नाना फडणिसांना दिलं. मग नानांनी इथे सहा चौकांचा वाडा, कृष्णेवरचा घाट आणि मेणेश्वराचं देऊळ उभं केलं. घाटावरच्या घुमटीत एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. ती पोर्तुगिजांची. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, त्या लुटीतली. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. महादेवाच्या शेजारी मेरी, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मुलाला मात्र घंटेपेक्षा 'स्वदेस'चं चित्रीकरण कुठे झालं, याचंच कौतुक. असो. निमित्त कुठलंही असो, माणसं येतात हे काय कमी आहे?

वाड्याच्या चौकात सावलीला बसलो. मला मास्तरकीची जुनी खोड. मी नातवाला साडेतीन शहाणे सांगू लागले. सखारामबापू, देवाजीपंत, विठ्ठल सुंदर हे पूर्ण, आणि तलवार न चालवणारे नाना अर्धे. पानिपतावरून जीव वाचवून आलेला मुलगा पुढे पेशवाईचा कारभार कसा पेलतो, त्याचे कागद याच वाड्यात कसे सापडले, पारसनिसांनी ते उजेडात कसे आणले, हे सगळं सांगून झालं.

माझी विद्यार्थिनी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "बाई, तुम्ही आम्हाला हे सगळं शिकवलंत. पण जिऊबाई नाही शिकवल्यात."

खरंच नाही शिकवली.

जिऊबाई म्हणजे नानांची शेवटची बायको. १३ मार्च १८०० ला नाना गेले, तेव्हा ही नऊ-दहा वर्षांची पोर. दुसऱ्या बाजीरावाचा डोळा नानांच्या संपत्तीवर. पुढे तिला लोहगडाचा आसरा मिळाला. तिथला किल्लेदार नानांचा विश्वासू होता. १८०४ मध्ये जनरल वेलस्लीने हमी दिल्यावर ती गड उतरून पनवेलला गेली. वर्षाला बारा हजार रुपये तनखा ठरला. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन. १८१८ ला पेशवाई बुडाली, त्यानंतर ती मेणवलीला आली. इथेच राहिली, दत्तक घेतला आणि १८५४ मध्ये गेली.

म्हणजे बघा, चोपन्न वर्षं वैधव्य! नानांचं नाव या वाड्याला आहे, पण वाड्यात मुक्काम करून राहिली ती ही बाई. मी मात्र दरवर्षी परीक्षेत 'नाना फडणिसांचे कार्य लिहा' एवढंच विचारत आले. पाच गुणांचा प्रश्न. मी स्वतः बाई असून मला कधी सुचलं नाही की नऊ वर्षांच्या मुलीवर राज्यातल्या भल्याभल्यांची नजर असणं म्हणजे काय, हेही इतिहासच आहे.

मी विचारलं, "तू शिकवतेस का गं?"

"पुस्तकात नाही, बाई. पण दरवर्षी मुलांना इथे आणते आणि वरच्या मजल्यावर नेऊन सांगते."

दुपारी तिच्याकडे पिठलं-भाकरी, ठेचा आणि दही. जेवताना नातवाने तिला विचारलं, "जिऊबाईला शाळा होती का?" ती हसली आणि माझ्याकडे बघू लागली. मी म्हटलं, "नव्हती रे." त्यापुढे काय सांगावं, ते काही मला सुचेना.

महाबळेश्वरला पोचायला रात्र झाली. पसरणीचा घाट चढताना खाली वाईचे दिवे दिसत होते. घरी आल्यावर जुनी टाचणवही काढली आणि नानांच्या पानावर समासात जिऊबाईचं नाव लिहिलं. आता ते शिकवायला वर्ग नाही, म्हणून इथे तुम्हाला सांगितलं.