संत फ्रान्सिस झेवियर यांनीं पॅरिसांत काय सोडलें?

गोव्याच्या बॉं जेझू मंदिरांत रुप्याच्या पेटींत ज्यांचा देह ठेविलेला आहे, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांचें चरित्र आपणां मराठी कॅथॉलिकांस बहुधा गोव्यापासून पुढेंच ठाऊक असतें. ६ मे १५४२ रोजीं ते गोव्याच्या धक्क्यावर उतरले, हातांत घंटा घेऊन रस्त्यारस्त्यानें मुलांस व गुलामांस धर्मशिक्षणासाठीं हांका मारीत फिरले, मोतीं काढणाऱ्या पारव लोकांत राहिले, मलाक्का, मोलुक्का व जपान येथवर गेले, आणि ३ डिसेंबर १५५२ रोजीं चीनच्या उंबरठ्यावर, शांगच्वान बेटावर, देवाघरीं गेले. इतकें आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांतील मूलही सांगेल. आमच्या वसईच्या भूमीलाही त्यांचे पाय एकाहून अधिक वेळां लागलेले आहेत. २०२४ च्या नोव्हेंबरांत त्यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनाचा सोहळा सुरू झाला, तेव्हां आपल्या धर्मग्रामांतूनही किती मंडळी गोव्यास जाऊन आली, हें वाचकांस सांगावयास नकोच.

परंतु एक लहानसा हिशेब करून पाहावा. पूर्वेकडील देशांत या महापुरुषाचीं अवघीं साडेदहा वर्षें गेलीं. पॅरिस शहरांत त्यांचीं अकरा वर्षें गेलीं. ज्या काळांत माणसाचें आयुष्य कोणत्या वाटेनें जावयाचें हें ठरतें, तो सारा काळ त्यांनीं पॅरिसांत घालविला. ‘त्यांनीं सर्वस्वाचा त्याग केला’ असें आपण त्यांच्या सणाच्या दिवशीं प्रवचनांत ऐकतों. तें सर्वस्व म्हणजे नेमकें काय होतें, आणि तें सोडावयास त्यांना किती जड गेलें, याचा इतिहास महोत्सवाच्या या स्मरणिकेंत नमूद करावा, असें आम्हांस वाटलें.

फ्रान्सिस यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजीं नव्हार्रा राज्यांतील झेवियर येथील गढींत झाला. वडील हुआन दे हास्सो हे बोलोन्या विद्यापीठाचे कायदेपंडित असून नव्हार्राच्या राजाच्या मंत्रिमंडळाचे अध्यक्ष होते. घर प्रतिष्ठित, परंतु दैव फिरलें. १५१२ सालीं कास्तिलच्या फौजांनीं नव्हार्रा जिंकून घेतलें; १५१५ त वडील वारले; आणि पुढच्याच वर्षीं या घराण्यानें पुन्हां डोकें वर काढूं नये म्हणून गढीचे बुरूज व तट पाडून टाकण्यांत आले. दहा वर्षांच्या मुलानें आपल्या घराच्या भिंती परक्या शिपायांकडून खालीं येतांना पाहिल्या. मिगेल व हुआन हे दोघे थोरले बंधु जुन्या राजाच्या पक्षानें लढत राहिले, ते १५२४ त माफी मिळाल्यावर घरीं परतले. तलवारीनें घराची गेलेली पत परत येत नाहीं हें दोघांनीं पुरतें अनुभवलें होतें. धाकट्यानें वडिलांची वाट धरली आणि १५२५ त एकोणीस वर्षांचे फ्रान्सिस पॅरिसला विद्याभ्यासासाठीं निघाले.

यांत गैर तें काय? आजही आपल्या घरीं कर्जाचा बोजा असला म्हणजे सर्वांत हुशार मुलाकडे सारें घर डोळे लावून बसतें. तो बँकेंत लागेल, इंजिनिअर होईल, आखातांत जाईल, आणि बहिणींचीं लग्नें व घराचें छप्पर एकदम मार्गीं लागेल, असा आईबापांचा हिशेब असतो. नव्हार्राच्या त्या पडक्या गढींत याहून निराळा हिशेब नव्हता.

पॅरिसांत फ्रान्सिस सेंत बार्ब या कॉलेजांत राहिले. त्यांच्याच खोलींत साव्होय प्रांताचे पीटर फेबर हे विद्यार्थी होते. लहानपणीं मेंढरें राखलेले, स्वभावानें भिडस्त, आणि फ्रान्सिस यांच्याच वयाचे. १५२९ सालीं त्या खोलींत तिसरा गडी आला. वय अडतीसच्या पुढें, एका पायानें लंगडत चालणारा, अंगावर जाडेंभरडें वस्त्र, पोरांच्या बरोबरीनें व्याकरण व तत्त्वज्ञान शिकणारा हा गृहस्थ म्हणजे लॉयोलाचे इग्नेशियस. त्यांच्या पायाची ही दुखापत १५२१ सालची, पांप्लोनाच्या किल्ल्यांतील. त्या लढाईंत इग्नेशियस कास्तिलच्या बाजूनें किल्ला राखीत होते. झेवियर बंधूंचा पक्ष समोरचा होता. घर उद्ध्वस्त करणाऱ्या पक्षाचा शिपाई आतां रोज शेजारीं निजूं लागला! फ्रान्सिस यांनीं आरंभीं त्यांची थट्टा केली, त्यांना दूर ठेविलें, यांत नवल नाहीं.

१५३० त फ्रान्सिस एम्. ए. ची पदवी मिळवून दोर्मां बोव्हे नांवाच्या कॉलेजांत ॲरिस्टॉटलचें तत्त्वज्ञान शिकवूं लागले. हें पद मानाचें, पण त्याचें उत्पन्न बेताचेंच. विद्यार्थी जी फी देत तिच्यावर अध्यापकाचा चरितार्थ चाले. खरें लक्ष्य पुढें होतें. १५३१ सालीं त्यांनीं आपल्या कुलीनत्वाचा सरकारी दाखला मिळविण्याची खटपट सुरू केली. हा दाखला कशासाठीं? पांप्लोनाच्या कॅथेड्रलांत कॅननची जागा मिळावी म्हणून. कॅनन म्हणजे महागुरूंच्या कॅथेड्रलाशीं जोडलेला धर्मगुरु. ठराविक वेळीं इतरांसमवेत प्रार्थना म्हणावयाची, मंडळाच्या कारभारांत भाग घ्यावयाचा, आणि त्या मंदिराच्या जमिनी व देणग्या यांच्या उत्पन्नांतला आपला वांटा आयुष्यभर घ्यावयाचा. पॅरिसची पदवी, कुलीन घराणें आणि नात्यांत मार्तीन दे आझपिल्क्वेता यांच्यासारखे नांवाजलेले धर्मकायदेपंडित! एवढ्या शिदोरीवर महागुरुपदही कांहीं फार दूर नव्हतें.

येथें एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. कॅनन होणें हें पाप नव्हे. कित्येक सत्पुरुषांनीं तें पद भूषविलेलें आहे. ख्रिस्तसभेच्या सेवेंतच राहून घरालाही हात देतां येईल, असा हा मार्ग होता, आणि म्हणूनच तो सोडणें अधिक कठीण होतें. उघड वाईट गोष्ट सोडण्यास एक धैर्य पुरतें. चांगली, सोयीची, चारचौघांत शोभणारी गोष्ट सोडण्यास दुसरेंच कांहीं लागतें.

इग्नेशियस यांनीं या तरुण अध्यापकाला कसें वळविलें, याविषयीं परंपरेनें चालत आलेली एकच गोष्ट बहुधा सांगितली जाते. सारें जग मिळवून आत्मा गमावला तर माणसाला काय लाभ, हा संत मार्क यांच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायांतील प्रश्न ते फ्रान्सिस यांस पुन्हां पुन्हां विचारीत, असें म्हणतात. विचारीत असतीलही. परंतु आम्हांस त्यांचें दुसरें कृत्य अधिक बोलकें वाटतें. नव्या अध्यापकाला विद्यार्थी हवे असतात. इग्नेशियस यांनीं त्यांच्या वर्गासाठीं विद्यार्थी मिळवून दिले. पैशांची चणचण भासली तेव्हां पैसे दिले, आणि इग्नेशियस स्वतः तर भिक्षेवर शिकत होते! ज्या मोठेपणाचा त्याग करावा असें त्यांना मनापासून वाटत होतें, त्या मोठेपणाच्या कामांतच त्यांनीं आधीं मदत केली. उपदेश करणारे पुष्कळ भेटतात, अशी रीत क्वचित् दिसते. एवढें करूनही फेबर लौकर वश झाले, फ्रान्सिस नाहींत. आपल्या हातीं आलेल्या कणकेंत याच्याइतकी चिवट दुसरी नव्हती, असे उद्गार इग्नेशियस यांनीं पुढें काढल्याचें त्यांचे चिटणीस पोलांको यांच्याकडून कळतें.

१५३३ च्या सुमारास ही कणीक मऊ झाली. तरीही फ्रान्सिस यांनीं हातांतलें काम टाकून धूम ठोकली नाहीं. १५ ऑगस्ट १५३४ रोजीं, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशीं, मोंमार्त्र टेकडीवरील लहानशा देवळांत सात सोबत्यांनीं दारिद्र्याचें, ब्रह्मचर्याचें व यरुशलेमच्या यात्रेचें व्रत घेतलें. त्यांत एकटे फेबर धर्मगुरु होते; मिस्सा त्यांनींच अर्पण केली. बाकीच्या बहुतेकांनीं व्रतापूर्वीं इग्नेशियस यांची आध्यात्मिक साधना पुरी केली होती. फ्रान्सिस यांस मात्र वर्ग चालू असल्यामुळें ती नंतर, सप्टेंबरांत, करावी लागली. विद्यार्थ्यांची फी घेतली होती, तेव्हां त्यांचा अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडतां येईना. आम्हांस या विलंबांत त्यांची सचोटीच दिसते.

घरच्यांस हें कसें कळवावें? २५ मार्च १५३५ रोजीं फ्रान्सिस यांनीं बंधु हुआन यांस लिहिलेलें पत्र उपलब्ध आहे. पॅरिसच्या मित्रमंडळींविषयीं कोणी तरी घरीं भलभलतें सांगितलें होतें. धाकटा भाऊ उत्तर देतो कीं, मास्टर इग्नेशियस यांचे माझ्यावर इतके उपकार आहेत कीं ते या जन्मीं फिटावयाचे नाहींत. त्यांनीं मला पैशानें व मित्रांकरवीं मदत केली आणि वाईट संगतीपासून वांचविलें. आणि त्याच पत्रांत आपली अडचण सांगून तो भावाकडे पैशांची मागणीही करतो. व्रत घेऊन सात महिने झाले होते, तरी खिशांत दमडी नव्हती. हें पत्र घेऊन नव्हार्राला गेले ते स्वतः इग्नेशियसच.

एका माणसाच्या बढतीवर दुसऱ्या किती जणांची भाकरी अवलंबून असते, याची साक्ष एका कथेंत मिळते. फ्रान्सिस यांच्या पदरीं मिगेल नांवाचा एक सेवक होता. धनी कॅनन झाले म्हणजे आपलेंही भलें होईल, या आशेवर तो होता. ती आशा मावळतांना दिसली, तेव्हां तो खंजीर घेऊन इग्नेशियस यांच्या जिवावर उठला. परंतु ऐन क्षणीं त्याचें धैर्य खचलें, असें जुने चरित्रकार सांगतात. सेवकाच्या रागाचें समर्थन करतां येत नाहीं. पण तो समजण्यासारखा आहे.

आणि मग १५३६ सालीं तो दाखला आला! पांच वर्षें ज्याची वाट पाहिली, तें कुलीनत्वाचें प्रमाणपत्र राजाच्या शिक्क्यानिशीं मंजूर झालें, पांप्लोनाचें दार उघडलें, आणि मागणारा मात्र मागण्यापलीकडे गेला होता. त्याच वर्षीं १५ नोव्हेंबरला ते सोबत्यांसह पायीं पॅरिस सोडून निघाले. फ्रान्सचा राजा व सम्राट यांचें युद्ध जुंपल्यामुळें सरळ वाट बंद होती. लोरेन, जर्मन मुलूख व स्वित्झर्लंड यांतून, ऐन हिंवाळ्यांत, बर्फ तुडवीत ते ८ जानेवारी १५३७ रोजीं व्हेनिसला पोहोंचले. तेथें ॲरिस्टॉटलचे हे अध्यापक असाध्य रोग्यांच्या इस्पितळांत जखमा धुवूं लागले व खाटा झाडूं लागले. त्याच वर्षीं २४ जूनला त्यांस गुरुदीक्षा मिळाली.

पुढें ते हिंदुस्थानांत कसे आले, त्याचाही धागा पॅरिसशींच जुळतो. सेंत बार्बचे प्रमुख दियोगु दे गौव्हैया हे पोर्तुगीज होते. एकदां इग्नेशियस यांस सर्वांदेखत फटके मारविण्याचा बेत त्यांनींच केला होता. तेच गौव्हैया पुढें पोर्तुगालचे राजे तिसरे जुआंव यांस लिहितात कीं, हिंदुस्थानच्या कामास हीं विद्वान् व निःस्पृह माणसें योग्य आहेत. या कामासाठीं १५४० त बोबादिल्या यांची निवड झाली होती. ते आजारी पडल्यानें त्यांच्या जागीं फ्रान्सिस यांस पाठविण्याचें ठरलें, आणि दुसऱ्याच दिवशीं ते रोमहून निघाले. लिस्बन येथें असतां आझपिल्क्वेता यांच्याशीं त्यांचा पत्रव्यवहार झाला. ते आतां कोइंब्रा विद्यापीठांत मोठ्या मानाच्या आसनावर होते. ७ एप्रिल १५४१ रोजीं, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशीं, फ्रान्सिस जहाजावर चढले. पोपमहाशयांच्या प्रतिनिधीनें बरोबर नोकर न्यावा, कपडे धुणें व स्वयंपाक करणें त्याला शोभणार नाहीं, असें एका सरदारानें सुचविलें. तेव्हां असली शोभा जपण्यानेंच ख्रिस्तसभेची आजची अवस्था झाली आहे, अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं दिल्याचें सांगतात.

विद्या मात्र त्यांनीं टाकली नाहीं. पोर्तुगीज लोक त्यांस शेवटपर्यंत ‘मेस्त्रे फ्रांसिस्कु’ म्हणजे ‘मास्टर फ्रान्सिस’ म्हणत. ही पॅरिसची पदवी आहे. जपानांतील पंडितांशीं वाद करण्याचे प्रसंग आले, तेव्हां तेथें येणारे धर्मगुरु तर्कशास्त्रांत व तत्त्वज्ञानांत तयार असले पाहिजेत, असें त्यांनीं युरोपास कळविलें. त्यांनीं टाकलें तें विद्येच्या जोरावर चढावयाच्या पायऱ्यांचें स्वप्न.

त्या पायऱ्यांविषयीं त्यांचें काय मत झालें होतें, तें १५ जानेवारी १५४४ रोजीं कोचीनहून रोमच्या बांधवांस लिहिलेल्या पत्रांत दिसतें. त्या वेळीं ते पारव लोकांचें काम करून आले होते. बाप्तिस्मा देतां देतां हात गळून जातात, आणि त्यांच्याच भाषेंत धर्मसार पुन्हां पुन्हां म्हणून आवाज बसतो, असें ते लिहितात. तेथेंच त्यांस पॅरिस आठवतें. युरोपच्या विद्यापीठांत, विशेषतः पॅरिसांत, जावें आणि वेड लागलेल्या माणसाप्रमाणें ओरडत सुटावें, कीं तुमच्या हयगयीमुळें केवढे जीव मुकत आहेत, असें आपणांस वारंवार वाटतें, हें ते सांगतात. तेथील लोक विद्या मिळवितात ती हुद्दा, उत्पन्न व महागुरुपद यांच्या आशेनें, असा त्यांचा आरोप आहे. पॅरिसच्या दोघां पंडितांस तसें कळवावें, असेंही त्यांच्या मनांत आलें होतें. हा आरोप करणारा मनुष्य बाहेरचा नव्हता. कुलीनत्वाच्या दाखल्यासाठीं अर्ज कसा लिहितात हें त्यास चांगलें ठाऊक होतें.

१५४६ च्या मे महिन्यांत अंबोइनाहून त्यांनीं सोबत्यांस कळविलें कीं, तुमच्या पत्रांवरील तुमच्या सह्या मी कापून घेतल्या आहेत आणि माझ्या व्रतवचनाच्या कागदासह त्या मी अंगावर बाळगतों. पॅरिसच्या अकरा वर्षांतलें एवढेंच धन त्यांनीं जवळ ठेविलें होतें.

शांगच्वानच्या किनाऱ्यावर ते वारले, तेव्हां जवळ अंतोनियो नांवाचा एक चिनी ख्रिस्ती तरुण होता. ती बातमी युरोपास पोहोंचण्यास फार दिवस लागले. २८ जून १५५३ रोजीं, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांहून अधिक काळ लोटल्यावर, रोमहून इग्नेशियस यांनीं आपल्या या जुन्या खोलीसोबत्यास एक पत्र धाडलें. त्यांत आज्ञा होती कीं, परत युरोपास या.