हजेरीपटावर नसलेली माणसे

६ ऑगस्ट २०१७. मुंबईच्या ओशिवऱ्यात एका उंच इमारतीच्या दहाव्या मजल्यावर, अमेरिकेहून आलेला एक मुलगा आईच्या घराचे दार वाजवत उभा होता. दार उघडले नाही. शेवटी कुलूप काढावे लागले, तेव्हा आत आईचा सांगाडा सापडला. दोघांचे शेवटचे बोलणे एप्रिल २०१६ मध्ये झाले होते. एकटीने राहवत नाही, वृद्धाश्रमात जायचे आहे, असे ती तेव्हा म्हणाली होती. मध्ये सोळा महिने गेले. खाली-वर माणसे राहत होती, पण कुणालाही काही कळले नाही.

ही बातमी वाचून कारंज्यात आम्ही सगळ्यांनी एकच वाक्य म्हटले, "आपल्याकडे असे होणार नाही." मीही म्हटले. आज ते वाक्य इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहू.

आमचे जुने कारंजे वेशींच्या आत वसलेले. दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस. आतल्या मोहल्ल्यांत भिंतीला भिंत लागून. एका घरातला खोकला दुसऱ्या घरात ऐकू जायचा. माझे अब्बा फजरची नमाज पढून परतले की चहा पिताना सांगायचे, आज सफमध्ये अमुक साहेब नव्हते. मग कुणीतरी जाऊन त्यांच्या घराची कडी वाजवून यायचे. यालाच आपण जुन्या काळचे प्रेम म्हणतो.

प्रेम होतेच. पण इतिहास थोडे वेगळेही सांगतो. कोण जन्मले, कोण मेले याची खबर ठेवणे हे गावात कुणाच्या तरी वाट्याला लावून दिलेले काम होते. वऱ्हाडातल्या लोकांना 'कोतवाल बुक' माहीत आहे. जातपडताळणीसाठी आजही तिची नक्कल काढायला आपण तहसीलमध्ये चकरा मारतो. त्या वहीत गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत. ज्याचे आयुष्यात कधी कुठे नाव छापून आले नाही, त्याच्या मरणाचीही तिथे एक ओळ आहे.

आणि मयतीचा सांगावा परगावी कोण नेत असे? महाराष्ट्रात हे काम बहुतेक ठिकाणी महार समाजावर लादलेले होते. ऊन असो, पाऊस असो, नातेवाइकांच्या गावी पायी जाऊन खबर द्यायची आणि परत यायचे. मोबदला म्हणजे तुटपुंजे वतन आणि वर अपमान. या वतनाच्या बेडीतून समाजाला सोडवण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा मुंबईचा कायदा त्यानंतर तीस वर्षांनी, १९५८ मध्ये झाला. म्हणजे 'गावात सगळ्यांना सगळ्यांची खबर असायची' या गोड आठवणीमागे कुणाची तरी वेठबिगार होती. ती गेली हे योग्यच झाले. पण तिच्या जागी आपण स्वखुशीने काय उभे केले, हा प्रश्न राहिलाच.

जुना काळ संकटातही टिकला असे नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसे नेली. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा सर्वात जबर तडाखा बसलेल्या भागांपैकी एक होता. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. जनगणनेच्या इतिहासात असे एकदाच घडले आहे. घरेच्या घरे एकाच वेळी अंथरुणाला खिळली, तिथे कडी वाजवायला कोण जाणार?

तेव्हा माणसे एकटी मेली, कारण शेजारीही मरत होते. आज शेजारी धडधाकट आहेत, तरीही माणसे एकटी मरतात. फरक इथे आहे.

जपानमध्ये अशा मरणाला स्वतंत्र शब्दच आहे, 'कोदोकुशी', म्हणजे एकाकी मृत्यू. तोक्योजवळच्या मात्सुदो शहरातल्या तोकिवादाइरा वसाहतीत २००० साली ६९ वर्षांचा एक माणूस घरात मृत आढळला. त्याला जाऊन तीन वर्षे झाली होती. घरभाडे आणि वीजबिल बँकेतून आपोआप कापले जात होते. खात्यातले पैसे संपले, भाडे थकले, तेव्हा कुणीतरी दारापर्यंत आले. २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांत जपानी पोलिसांनी एकट्या राहणाऱ्या ३७,२२७ जणांचे मृत्यू त्यांच्या घरात नोंदवले. ब्रिटनने जानेवारी २०१८ मध्ये आणि जपानने फेब्रुवारी २०२१ मध्ये एकाकीपणाचा प्रश्न हाताळण्यासाठी मंत्र्यांवर जबाबदारी सोपवली.

तोकिवादाइराची गोष्ट नीट पाहा. पूर्वी प्रत्येक व्यवहारासाठी एक माणूस दारात यायचा. दूधवाला, मनीऑर्डर घेऊन येणारा पोस्टमन, बिल वसूल करणारा. ही माणसे नकळत आपली हजेरी घेत असत. आता पैसे मोबाइलवरून जातात. सोय झाली, पण दार वाजायचे थांबले. आमच्या कारंज्यातही वेशींबाहेर नवे लेआउट झाले. मुले पुण्याला, काही आखातात. घर मोठे, गेट बंद, आत एकटी आई. देशपातळीवरील एका पाहणीत (२०१७-१८) साठीच्या पुढचे सुमारे ६ टक्के लोक एकटे राहत असल्याचे दिसले. त्यांत स्त्रियांचे प्रमाण जास्त आहे. इथे आपल्याला एक कबुली द्यावी लागेल. अब्बांची सफमधली मोजदाद पुरुषांची होती. मोहल्ल्यातली एकटी बेवा त्या मोजणीत कधीच नव्हती.

याबाबत एक प्रसंग हदीसच्या ग्रंथांत आला आहे. मदिनेच्या मशिदीत झाडलोट करणारी एक व्यक्ती होती. काही रिवायतींनुसार ती काळ्या वर्णाची स्त्री होती. काही दिवस ती दिसली नाही, म्हणून प्रेषितांनी (स.) चौकशी केली. लोक म्हणाले, तिचे निधन झाले. आपल्याला का कळवले नाही, असे त्यांनी विचारले, कबर दाखवायला सांगितली आणि तिथे जाऊन तिच्यासाठी नमाज पढली. लोकांना तिचे मरण कळवण्याइतके मोठे वाटले नव्हते. जनाजाची नमाज फर्ज-ए-किफाया आहे, हे आपण मदरशात शिकतो. कुणीच पढली नाही तर गुन्हेगार सगळी वस्ती ठरते. मरणानंतरची जबाबदारी वस्तीची असेल, तर मरणाआधीची का नसावी?

हे जमते, याचा पुरावा शेजारीच आहे. मे २०२० मध्ये अकोल्यात कोरोनाच्या भीतीने नातलग मृतदेह घ्यायला पुढे येत नव्हते. तिथल्या कच्छी मेमन जमातीच्या कार्यकर्त्यांनी ते काम अंगावर घेतले. ७८ वर्षांच्या एका हिंदू वृद्धाच्या मुलाने मृतदेह स्वीकारला नाही, तेव्हा या मुस्लिम तरुणांनी त्यांना अग्नी दिला. त्यांच्यावर हे काम कोणत्या वतनाने लादले नव्हते. त्यांनी ते स्वतः निवडले.

कागदावर सरकारनेही सोय केली आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखालील महाराष्ट्राच्या २०१० च्या नियमांप्रमाणे प्रत्येक पोलीस ठाण्याने एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवायची आणि महिन्यातून निदान एकदा त्यांची भेट घ्यायची आहे. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइनही आहे. आपल्या मोहल्ल्यातली किती नावे त्या यादीत आहेत, हे ठाण्यात जाऊन विचारायला काय हरकत आहे?

मी शिक्षक आहे. रोज सकाळी वर्गात हजेरी घेतो. एखादे मूल तीन दिवस आले नाही तर घरी निरोप जातो. वयाच्या सहाव्या वर्षी माणूस हजेरीपटावर येतो आणि निवृत्तीच्या दिवशी शेवटच्या मस्टरवरून त्याचे नाव निघते. ज्यांनी आयुष्यभर घरच सांभाळले, त्यांचे नाव तर कुठल्याच मस्टरवर नसते.

आपल्या गल्लीत अशी किती माणसे आहेत? एका वहीत दहा नावे लिहा, कुठल्याही धर्माची. कुणी कोणाची कडी वाजवायची ते वाटून घ्या. "आपल्याकडे असे होणार नाही" हे वाक्य त्यानंतर म्हणू.