मेथॉडिकल : एक विशेषण आणि कुलाब्याच्या नोंदवह्या

इंग्रजीच्या पाठात ‘मेथॉडिकल’ हे विशेषण आले की आपण फळ्यावर ‘पद्धतशीर’ असे लिहितो आणि पुढच्या ओळीकडे वळतो. अर्थ बरोबरच असतो. पण विद्यार्थी मग तो शब्द ‘नीटनेटका’, ‘टापटिपीचा’ अशा अर्थांनीही वापरू लागतात. प्रयोगवही सुवाच्य अक्षरात असेल तर ती नीटनेटकी. मेथॉडिकल विद्यार्थी तो, ज्याने प्रत्येक वाचन ठरलेल्या क्रमाने आणि एकाच रीतीने घेतले, मग वहीवर शाईचे डाग का असेनात.

शब्दाचे मूळ सांगितले तर हा फरक चटकन ध्यानात येतो. ग्रीकमध्ये ‘मेटा’ म्हणजे मागोमाग आणि ‘होडोस’ म्हणजे वाट. आपला शब्दही वाटेवरूनच आला आहे : पद् अधिक हति, पद्धति, म्हणजे पावलांनी तुडवून झालेली वाट. पनवेल तालुक्यातल्या गव्हाणसारख्या गावातील मुलांना बांधावरची पायवाट कशी पडते हे समजावून द्यावे लागणार नाही. एकदा चालून ती पडत नाही. त्याच जागी पुन:पुन्हा पाऊल पडावे लागते. ‘सिस्टिमॅटिक’चे मूळ मात्र ‘एकत्र उभे केलेले’ असे आहे. त्यात भर रचनेवर आहे. वनस्पतींचे वर्गीकरण सिस्टिमॅटिक असते. रोज ठरावीक वेळी रानात जाऊन नमुने टिपणारा माणूस मेथॉडिकल असतो.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच मुलखात आहे. गव्हाण ज्या तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात कळंबोली येथे भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आहे. या संस्थेची परंपरा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेपर्यंत मागे जाते. १८२६ साली वेधशाळा स्थापन झाली ती खगोलीय वेधांसाठी व जहाजांना अचूक वेळ पुरवण्यासाठी. १८४१ पासून तेथे भूचुंबकीय नोंदी होऊ लागल्या. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनीही काही काळ या वेधशाळेचे काम पाहिले होते.

काम कंटाळवाणे होते. टांगलेल्या चुंबकाची किंचितशी हालचाल डोळ्याने मोजपट्टीवर वाचायची आणि आकडा लिहायचा. एरवी तासातासाला, चुंबक अस्वस्थ दिसला तर पाच किंवा पंधरा मिनिटांनी. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर एक तीव्र प्रकाशझोत दिसला. दुसऱ्या दिवशी कुलाब्याच्या चुंबकाने एकदम मोठी घसरण दाखवली. नोंद घेणाऱ्याला तिचे कारण ठाऊक असणे शक्यच नव्हते. त्याने आकडे लिहून ठेवले, एवढेच.

या आकड्यांना महत्त्व आले ते २००३ साली. ब्रूस त्सुरुतानी यांनी भूचुंबकत्व संस्थेतील लाखिना व अलेक्स यांच्यासह त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घसरण सुमारे १६०० नॅनोटेस्ला इतकी होती. तासाची सरासरी घेतली तर आकडा बराच कमी येतो, म्हणून वादळाच्या खऱ्या तीव्रतेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण वाद घालायला आकडे तरी आहेत, आणि ते त्या पाच-पंधरा मिनिटांच्या वाचनांमुळे!

आता दुसरी बाजू. पद्धतशीर म्हणजे बिनचूक नव्हे. ‘त्याने मला पद्धतशीर फसवले’ असे आपण म्हणतोच की! मापनशास्त्रातही ‘सिस्टिमॅटिक एरर’ला मराठीत पद्धतशीर त्रुटी म्हणतात : प्रत्येक वाचनात एकाच दिशेने शिरणारी, कितीही सरासरी काढली तरी न जाणारी. (येथे इंग्रजीत ‘मेथॉडिकल’ चालत नाही, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.)

कुलाब्यापुढे असाच प्रश्न उभा राहिला. मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या होत्या. त्या १९०७ साली धावूही लागल्या. रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह चुंबकाला रोज ढवळणार होता. मग कितीही नेमाने वाचने घेतली, तरी पृथ्वीच्या नोंदींत ट्रामची भेसळ होणारच. १८९६ पासून संचालक असलेले, त्या पदावरील पहिले भारतीय, नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांनी हे वेळीच ओळखले. त्यांनी चुंबकीय उपकरणांसाठी अलिबागची जागा निवडली आणि तेथे चुंबकीय गुण नसलेल्या पोरबंदरी दगडाची इमारत उभी राहिली.

उपकरणे उचलून नेली आणि काम संपले, असे मात्र झाले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे वाचने चालू ठेवली. दोन ठिकाणांच्या मूल्यांतला फरक त्यामुळे कळला आणि जुन्या मालिकेला नवी मालिका जोडता आली. माझ्या मते ‘मेथॉडिकल’चा खरा कस लागला तो १८५९ च्या त्या दिवशी नव्हे, तर या दोन वर्षांत. जागा बदलणे भाग होते. पण बदल मोजून केला.

१८४६ ते १९०५ या काळातील कुलाब्याची मापने मूस यांनी १९१० साली दोन खंडांत प्रसिद्ध केली. नोंदींचे काम अलिबागला आजही चालू आहे.